विश्व पसरतंय म्हणजे नक्की काय होतंय?

मार्च २०२५ मध्ये एक बातमी जगभर झळकली. विश्वाला ढकलणारी ‘डार्क एनर्जी’ हळूहळू कमकुवत होत असावी, असा संशय शास्त्रज्ञांना आला होता. अमेरिकेत ॲरिझोनातल्या किट पीकवर एका दुर्बिणीला ‘डेसी’ नावाचं उपकरण जोडलेलं आहे. त्यानं तीन वर्षांत जवळजवळ दीड कोटी दीर्घिका आणि क्वेसार (दूरच्या दीर्घिकांची अतिशय तेजस्वी केंद्रं) यांची नोंद केली होती आणि त्या आकडेवारीतून हा संशय पुढे आला. लगेच मथळे सुरू झाले: विश्वाचं पसरणं थांबणार का? विश्व पुन्हा आक्रसणार का?

वाचणाऱ्याची अडचण मात्र त्याच्या बरीच आधी सुरू होते. विश्व पसरतं म्हणजे काय पसरतं? कशात पसरतं? माझं घर, मी, ही पृथ्वी, हे सगळंही पसरतंय का? बातमी तिसऱ्या मजल्यावरची आणि आपण अजून जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभे, अशी गत होते. म्हणून पहिल्या पायरीपासूनच चढू या.

सुरुवातीलाच तीन शब्द नक्की करून घेऊ. अब्जावधी ताऱ्यांचा गुरुत्वाकर्षणानं एकत्र बांधलेला समूह म्हणजे दीर्घिका. आपला सूर्य ज्या दीर्घिकेत आहे तिचं नाव आकाशगंगा. आणि प्रकाश एका वर्षात जेवढं अंतर कापतो ते एक प्रकाशवर्ष, म्हणजे साधारण साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. नावात वर्ष असलं तरी हे अंतराचं माप आहे.

## एक इलॅस्टिकची पट्टी घ्या

कपड्याला लावतात ती इलॅस्टिकची पट्टी घ्या आणि टेबलावर सपाट ठेवा. पेनानं तिच्यावर दोन-दोन सेंटिमीटरवर ठिपके काढा. आता दोन्ही टोकं धरून ती दुप्पट लांब होईपर्यंत सावकाश ताणा.

कुठलाही एक ठिपका ‘आपला’ माना. शेजारचा ठिपका दोन सेंटिमीटरवर होता, तो चारवर गेला, म्हणजे दोन सेंटिमीटर लांब सरकला. त्याच्या पुढचा चारवरून आठवर गेला, म्हणजे चार सेंटिमीटर सरकला. पाचवा दहावरून वीसवर पोचला. वेळ सगळ्यांना सारखाच मिळाला, तरी जो जितका दूर होता तो तितक्या वेगानं पळाला. आता दुसरा एखादा ठिपका ‘आपला’ माना आणि हाच हिशेब करा. उत्तर तेच येईल. प्रत्येक ठिपक्याला वाटेल की मी मध्यभागी आहे आणि बाकीचे माझ्यापासून पळतायत.

एकाही ठिपक्यानं स्वतःहून पाऊल उचललेलं नाही, हे लक्षात ठेवा. त्यांच्यामधली पट्टी ताणली गेली. विश्वाच्या प्रसरणाचा गाभा एवढाच आहे: दीर्घिकांच्या मधली जागा वाढते. ही पट्टी हाताशी राहू द्या, पुढे ती वारंवार लागणार आहे.

## पण हे कळलं कसं?

दीर्घिका इतक्या दूर आहेत की आयुष्यभर टक लावून पाहिलं तरी त्या केसभर हललेल्या दिसणार नाहीत. मग त्या दूर जातायत हे माणसाला कळलं कुठून? मला या सगळ्या विषयात सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच भाग. हे ज्ञान कुणाला एका रात्रीत सुचलेलं नाही. ते अनेकांच्या थंडीतल्या जागरणांतून आलेलं आहे.

व्हेस्टो स्लायफर हे खगोलशास्त्रज्ञ अमेरिकेतल्या लॉवेल वेधशाळेत काम करत. दुर्बिणीतून ढगासारख्या धूसर दिसणाऱ्या ठिपक्यांना तेव्हा तेजोमेघ म्हणत; त्यांतले बरेच दीर्घिका आहेत हे अजून कळायचं होतं. त्यांचा मंद प्रकाश ते लोलकातून पसरवून छायाचित्रणाच्या काचेवर टिपत. एकेका नोंदीसाठी तीच काच अनेक रात्री दुर्बिणीला लावावी लागे, कारण एका रात्रीचा प्रकाश पुरतच नसे. ताऱ्यांच्या प्रकाशाचा असा पट्टा काढला की त्यात ठरावीक जागी काळ्या रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांची जागा ठरलेली असते, जणू त्याची सहीच. स्लायफर यांना १९१२ मध्ये देवयानी तेजोमेघाच्या रेषा निळ्या बाजूला सरकलेल्या आढळल्या. प्रकाश देणारी वस्तू जवळ येत असेल तर रेषा निळ्याकडे सरकतात, दूर जात असेल तर तांबड्याकडे. म्हणजे देवयानी आपल्याकडे येत होती, सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगानं. पण १९१७ पर्यंत त्यांनी असे पंचवीस तेजोमेघ तपासले, तेव्हा त्यांतल्या बहुतेकांच्या रेषा तांबड्या बाजूला सरकलेल्या निघाल्या. या सरकण्याला ताम्रसृती म्हणतात. तेजोमेघ दूर जात होते.

ते होते तरी किती दूर? त्याची किल्ली हेन्रिएटा लेव्हिट यांच्या हाती लागली होती. हार्वर्ड वेधशाळेत त्या काचेवरच्या छायाचित्रांतले तारे मोजण्याचं काम करत. सेफीड जातीचे तारे ठरावीक काळानं उजळतात आणि मंदावतात. हा काळ जितका लांब, तितका तारा मुळात तेजस्वी, हे त्यांनी १९१२ मध्ये दाखवून दिलं. तारा मुळात किती तेजस्वी आहे ते कळलं आणि आपल्याला तो किती मंद दिसतो ते मोजलं, की अंतर काढता येतं. अंधारात लांबवर दिसणारा दिवा किती वॉटचा आहे हे कुणी सांगितलं तर तो किती दूर आहे हे आपणही अदमासानं सांगू शकतो, तसंच हे.

ऑक्टोबर १९२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेच्या शंभर इंची दुर्बिणीतून एडविन हबल यांनी देवयानीचं छायाचित्र घेतलं. एका ठिपक्याशी त्यांनी नवतारा म्हणून ‘एन’ हे अक्षर लिहिलं होतं. जुन्या काचांशी पडताळल्यावर त्यांनी ते खोडलं आणि शेजारी ‘व्हार!’ असं लिहिलं. व्हार म्हणजे व्हेरिएबल, तेज बदलणारा तारा. तो सेफीड होता. लेव्हिट यांच्या नियमानं हिशेब केला तर देवयानी आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेर जात होती. आज तिचं अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं मानतात. हबल यांचा आकडा याच्या निम्म्याहूनही कमी होता, पण निष्कर्ष पक्का होता: ती वेगळी दीर्घिकाच आहे. काचेवरच्या शाईच्या त्या चार खुणांनी माणसाचं विश्व एका दीर्घिकेतून बाहेर पडलं.

पुढे १९२९ मध्ये हबल यांनी अंतरं आणि वेग शेजारी-शेजारी मांडले. जी दीर्घिका जितकी दूर, तितका तिचा दूर जाण्याचा वेग जास्त. आपल्या इलॅस्टिकचा नियम तो हाच. दूरच्या दीर्घिकांचे वेग मोजण्याचं किचकट काम त्यानंतर मिल्टन ह्युमसन यांनी वर्षानुवर्षं केलं. शाळा अर्धवट सोडलेला हा माणूस वेधशाळा बांधली जात असताना खेचरांवरून डोंगरावर सामान वाहत असे. बेल्जियमचे धर्मगुरू आणि गणिती जॉर्ज लमेत्र यांनी तर आइन्स्टाइनच्या समीकरणांतून हेच नातं १९२७ मध्येच काढलं होतं. म्हणून आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघानं २०१८ मध्ये या नियमाला ‘हबल-लमेत्र नियम’ म्हणावं अशी शिफारस केली. माझ्या मते त्या नावात लेव्हिट आणि स्लायफर यांनाही जागा असायला हवी होती.

## प्रसरणाचा वेग किती?

शास्त्रीय लिखाणात हा वेग असा सांगतात: दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांच्या अंतरामागे सेकंदाला सुमारे ७० किलोमीटर. हे डोक्यात बसणं कठीण. त्यापेक्षा असं म्हणू या की दीर्घिकांमधलं अंतर दर १०० कोटी वर्षांत साधारण ७ टक्क्यांनी वाढतं. इतकं ते संथ आहे. पण अंतरंच एवढी प्रचंड आहेत की वेगाचे आकडे डोळे दिपवतात.

नेमका आकडा ६७ की ७३, यावर सध्या खरा वाद आहे. विश्वाच्या बाल्यावस्थेतल्या प्रकाशावरून हिशेब केला की सुमारे ६७ येतो आणि जवळच्या ताऱ्यांवरून पायरी-पायरीनं मोजत गेलं की सुमारे ७३. दोन्ही बाजूंनी चुका शोधून झाल्या, पण तफावत मिटलेली नाही. विश्व पसरतंय याबद्दल मात्र दोन्ही बाजूंचं एकमत आहे.

## मग आपण का पसरत नाही?

पट्टीवर आता एक गुंडी शिवा आणि पट्टी ताणा. पट्टी लांबते, गुंडी आहे तेवढीच राहते. गुंडीचा कडकपणा पट्टीच्या ताणाला जुमानत नाही. आपलं शरीर रेणूंमधल्या विद्युत बलानं घट्ट बांधलेलं आहे. पृथ्वी, सूर्यमाला, आकाशगंगा गुरुत्वाकर्षणानं बांधलेल्या आहेत. या सगळ्या गुंड्या आहेत. पसरतं ते गुंड्यांच्या मधलं मोकळं विश्व.

इथं एक गंमतशीर योगायोग सांगायला हवा, कारण त्यानं पुष्कळांचा गोंधळ होतो. चंद्र खरोखरच दरवर्षी ३.८ सेंटिमीटरनं पृथ्वीपासून दूर जातोय. अपोलोच्या अंतराळवीरांनी तिथं ठेवलेल्या आरशांवर लेसर मारून हे मोजलेलं आहे. आणि विश्वाच्या प्रसरणाचा दर पृथ्वी-चंद्र अंतराला लावून पाहिला तर उत्तर येतं वर्षाला पावणेतीन सेंटिमीटर! आकडे इतके जवळचे की माणूस लगेच दोन्हींची गाठ मारतो. पण चंद्र दूर जातो तो भरती-ओहोटीमुळे. समुद्राच्या फुगवट्याची ओढ चंद्राला थोडी-थोडी गती देते आणि बदल्यात पृथ्वीचं फिरणं मंदावतं. विश्वाच्या पसरण्याचा त्यात काही हात नाही.

देवयानी आपल्याकडे का येते, याचंही उत्तर हेच. ती आणि आकाशगंगा एकमेकींच्या ओढीत आहेत. गर्दी पांगत असली तरी हात धरून चाललेली दोघं एकत्रच राहतात. आपल्या आसपासच्या काही डझन लहानमोठ्या दीर्घिकांचा असा एक जथा आहे. त्याला स्थानिक समूह म्हणतात. पुढे त्याची गरज पडणार आहे.

## विश्व कशात पसरतंय? त्याचं केंद्र कुठं?

पट्टीला टोकं होती आणि ती टेबलावर होती, म्हणून हा प्रश्न पडतो. उपमा इथं तोकडी पडते. पट्टी दोन्ही बाजूंना न संपणारी आहे असं समजा. ती ताणली तर ठिपक्यांमधलं अंतर वाढेल, पण तिला बाहेरची जागा लागणार नाही, कारण ती आधीही अमर्याद होती आणि नंतरही तशीच. विश्व खरोखर अमर्याद आहे की नाही हे ठरलेलं नाही. पण पसरण्यासाठी त्याला बाहेरचं रिकामं मैदान लागत नाही. अंतरं वाढतात, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

केंद्राचंही तसंच. विश्वाची सुरुवात ज्यातून झाली असं मानतात तो महास्फोट (बिग बँग) कुठल्या तरी एका बिंदूवर झाला आणि तिथून चहूकडे तुकडे उडाले, हे चित्र मनातून काढून टाका. तो सगळीकडे झाला. तुम्ही आत्ता जिथं बसला आहात तिथंही.

## प्रकाश वाटेत थकत असेल तर?

ही शंका खरोखर चांगली आहे आणि ती १९२९ मध्येच फ्रिट्झ झ्विकी यांनी काढली होती. ताम्रसृतीचा अर्थ दीर्घिका दूर जातायत असाच कशाला घ्यायचा? कोट्यवधी वर्षांच्या प्रवासात प्रकाशाची ऊर्जा गळत असेल आणि म्हणून तो तांबडा होत असेल, तर? खुद्द हबलही प्रसरण सिद्ध झालं असं म्हणताना आयुष्यभर हात राखून होते.

पुन्हा पट्टीकडे येऊ. तिच्यावर ठिपक्यांऐवजी लाटेसारखी नागमोडी रेघ काढा आणि ताणा. लाटेच्या शेंड्यांमधलं अंतर वाढेल. प्रकाशलहरीचं असंच होतं. निळ्या प्रकाशाच्या लहरी आखूड, तांबड्याच्या लांब. म्हणून ताणलेला प्रकाश तांबड्याकडे सरकतो. आता त्याच पट्टीवर एका दीर्घिकेतून दोन मुंग्या आपल्याकडे निघाल्या आहेत असं समजा, एक आज आणि दुसरी दहा दिवसांनी. वाटेत पट्टी दुप्पट ताणली गेली, तर त्या दोघींमधलं अंतरही दुप्पट होईल आणि दुसरी मुंगी आपल्यापर्यंत वीस दिवसांनी मागून पोचेल. म्हणजे पसरणाऱ्या विश्वात दूरच्या घटना नुसत्या तांबड्या दिसून भागत नाही, त्या सावकाशही घडताना दिसायला हव्यात. प्रकाश नुसता थकत असेल, तर तसं होणार नाही.

निसर्गानं यासाठी घड्याळं ठेवलेली आहेत. श्वेतबटू हे विझत आलेले, पृथ्वीएवढे पण अतिशय जड तारे. त्यांचा एका विशिष्ट प्रकारचा स्फोट म्हणजे ‘एक-ए’ सुपरनोव्हा. हे स्फोट उजळतात आणि काही आठवड्यांत ठरलेल्या पद्धतीनं मावळतात. ज्यांच्या लहरी दुप्पट ताणल्या गेल्या आहेत त्या सुपरनोव्हांना उजळून मावळायला दुप्पट दिवस लागताना दिसतात. १९९० च्या दशकात हे आढळलं आणि २०२४ मध्ये ‘डार्क एनर्जी सर्व्हे’नं सुमारे १५०० सुपरनोव्हा तपासून ते पुन्हा पक्कं केलं. थकलेल्या प्रकाशाचा पर्याय इथं निकालात निघतो.

## पण सुरुवात झालीच होती, हे कशावरून?

प्रसरण आणि महास्फोट हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि मराठी वाचकाला हे खास सांगायला हवं. फ्रेड हॉइल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी १९४८ मध्ये ‘स्थिर स्थिती’चा सिद्धांत मांडला. त्यात विश्व पसरतं, पण वाढत्या जागेत नवं द्रव्य निर्माण होत राहतं, म्हणून त्याला आरंभ नसतो. हॉइल यांचे विद्यार्थी आणि सहकारी जयंत नारळीकर यांनी ही बाजू अनेक दशकं लढवली. हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासोबत १९९३ मध्ये त्यांनी तिची सुधारित मांडणीही केली. बहुतेक खगोलशास्त्रज्ञ दुसऱ्या बाजूला गेल्यावरही ते प्रश्न विचारत राहिले. मला त्यांचा निष्कर्ष पटत नाही, पण ती चिकाटी मोठी होती. महास्फोट नाकारणाऱ्या त्या मांडणीतही विश्व पसरतच होतं.

पारडं फिरवलं ते १९६५ मध्ये. न्यू जर्सीतल्या एका मोठ्या अँटेनात आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन यांना एक खरखर ऐकू येत होती. अँटेना कुठंही वळवा, दिवस असो वा रात्र, खरखर तेवढीच. आत कबुतरांनी घर केलं होतं. त्यांना हलवलं, त्यांची घाण साफ केली, तरी आवाज गेला नाही. तो विश्वाच्या बालपणीचा प्रकाश होता. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना सगळीकडे जवळपास ३००० अंश केल्विन तापमानाचा तप्त वायू होता. तो निवून पारदर्शक झाला आणि प्रकाश मोकळा सुटला. तेव्हापासून त्याच्या लहरी सुमारे ११०० पट ताणल्या गेल्या आणि आज तो अवघा २.७ अंश केल्विनचा उरलाय, म्हणजे शून्याखाली सुमारे २७० अंश सेल्सिअस. मोकळ्या अवकाशाच्या प्रत्येक घन सेंटिमीटरात या प्रकाशाचे सुमारे ४०० कण आत्ताही आहेत. जुन्या टीव्हीवर कुठलंही केंद्र लागलं नाही की जी मुंग्यांची वळवळ दिसे, तिच्यातही त्याचा थोडासा वाटा असे.

## वय १३८० कोटी, मग ४६०० कोटी प्रकाशवर्षं दिसतात कशी?

विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं आहे, पण दिसणारं विश्व आपल्यापासून सर्व बाजूंना सुमारे ४६०० कोटी प्रकाशवर्षांपर्यंत पसरलेलं आहे. मुंगी चालत असताना तिच्या मागची पट्टीही ताणली जात होती. ती आपल्यापाशी पोचते तेव्हा ती जिथून निघाली ती जागा कितीतरी लांब गेलेली असते. तो दुसरा आकडा त्या जागेचं आजचं अंतर सांगतो.

इथून पुढची शंका ठरलेलीच: साधारण १४०० कोटी प्रकाशवर्षांपलीकडच्या दीर्घिका प्रकाशापेक्षा जास्त वेगानं दूर जातायत, मग आइन्स्टाइन खोटे ठरले का? नाही. त्यांचा नियम जागेमधून धावणाऱ्या वस्तूंसाठी आहे. तिथं कुणीच प्रकाशाला मागे टाकत नाही. वाढते ती मधली जागा.

## पसरण्याचा वेग वाढतोय

गुरुत्वाकर्षण सगळ्याला एकमेकांकडे ओढतं, तेव्हा पसरण्याचा वेग कमी होत जायला हवा. तो किती कमी होतोय हे मोजायला सॉल पर्लमटर यांचा गट आणि ब्रायन श्मिट व ॲडम रीस यांचा गट असे दोन गट निघाले. १९९८ मध्ये दोघांच्या हाती उलटंच उत्तर आलं. दूरचे सुपरनोव्हा अपेक्षेपेक्षा मंद होते, म्हणजे जास्त दूर होते. गेली काही शे कोटी वर्षं प्रसरणाचा वेग वाढतोय. या तिघांना २०११ मध्ये नोबेल मिळालं. ज्या कारणानं वेग वाढतो त्याला नाव दिलं डार्क एनर्जी. विश्वाच्या एकूण ऊर्जेत आणि द्रव्यात तिचा वाटा सुमारे ७० टक्के, आणि ती मुळात काय आहे हे कुणालाही माहीत नाही.

## यातून माणसाच्या वाट्याला काय?

पहिली गोष्ट, घाबरण्यासारखं काही नाही. सूर्य दर १०० कोटी वर्षांत साधारण १० टक्क्यांनी तेजस्वी होतोय. पृथ्वीवरचे समुद्र टिकणार की नाही हे त्यावर ठरेल, आणि तेही सुमारे १०० कोटी वर्षांनी. प्रसरण आपल्या दाराशी कधीच येणार नाही.

उलट आपण आहोत ते प्रसरणामुळे. सूर्याकडून पृथ्वीला जेवढी ऊर्जा मिळते, जवळजवळ तेवढीच ती अवकाशात परत फेकते. मग आपण जगतो कशावर? सूर्याकडून प्रकाशाचा एक कण येतो तेव्हा पृथ्वी त्या बदल्यात उष्णतेचे जवळपास वीस दुबळे कण बाहेर सोडते. एकवटलेली ऊर्जा घ्यायची आणि विस्कटलेली परत द्यायची, या व्यवहारावर पान वाढतं, ढग तयार होतात, तुमचं हृदय चालतं. पण तो चालण्यासाठी उष्णता टाकायला थंड जागा लागते. ती थंड जागा म्हणजे रात्रीचं काळं आकाश. आकाश आज ३००० अंशांचं असतं तर पृथ्वीला उष्णता टाकायला जागाच उरली नसती. ते प्रसरणानं थंड केलं. स्वच्छ रात्री मोकळ्यावर उभं राहिलं की अंगाला जो गारवा जाणवतो, त्यात तुमची ऊब थोडीशी त्या आकाशात जात असते. दूर पळणाऱ्या दीर्घिकांशी आपलं याहून जवळचं नातं मला तरी माहीत नाही.

दुसरी गोष्ट, आपला हात कुठवर पोचेल याला मर्यादा आहे. १९७७ मध्ये निघालेलं व्हॉएजर-१ सेकंदाला १७ किलोमीटर वेगानं जातंय. त्या वेगानं देवयानीपर्यंतचं अंतर कापायला सुमारे ४४०० कोटी वर्षं लागतील. समजा यान प्रकाशाच्या वेगानं जाऊ लागलं, तरीसुद्धा आज जिचं अंतर साधारण १७०० कोटी प्रकाशवर्षांहून जास्त आहे अशी कुठलीही दीर्घिका कायमची आवाक्याबाहेर आहे. मुंगी चालत राहील आणि पुढची पट्टी तिच्या चालीपेक्षा जास्त वेगानं वाढत राहील. आज दिसणाऱ्या विश्वाच्या शंभर भागांतले सुमारे ९५ भाग असे आहेत. त्यांचा जुना प्रकाश आपल्याला दिसतो, पण आज इथून पाठवलेला निरोप तिथं कधीही पोचणार नाही. या १७०० कोटी प्रकाशवर्षांच्या रेषेच्या अलीकडच्या दीर्घिकाही एकेक करून ती ओलांडतायत.

## पुसत जाणारं आकाश

डार्क एनर्जी आहे तशीच राहिली, तर सुमारे १०,००० कोटी वर्षांनी स्थानिक समूहाबाहेरची एकही दीर्घिका दिसणार नाही. त्यांचा प्रकाश इतका ताणला जाईल की तो पकडताच येणार नाही. देवयानी आणि आकाशगंगा यांची नेमकी टक्कर कधी होईल यावर मतभेद आहेत, पण तोवर समूहातल्या दीर्घिका मिळून ताऱ्यांचा एकच गोळा झाला असेल. त्याच्या भोवती काळोख.

लॉरेन्स क्राउस आणि रॉबर्ट शेरर यांनी २००७ मध्ये एक साधा प्रश्न विचारला: त्या काळात कुणी खगोलशास्त्रज्ञ असेल तर त्याला काय दिसेल? त्याला ताम्रसृती मोजायला दूरची दीर्घिकाच सापडणार नाही. महास्फोटाचा उरलेला प्रकाश इतका विरलेला असेल की आपल्याच दीर्घिकेतला वायू तो अडवेल. तो माणूस हुशार असेल, त्याची उपकरणं उत्तम असतील, गणित बिनचूक असेल, आणि तरी त्याचा निष्कर्ष असा निघेल की विश्व म्हणजे ताऱ्यांचं एकच स्थिर बेट आणि बाकी सगळं रिकामं. १९२० च्या आधी पुष्कळ खगोलशास्त्रज्ञ हेच मानत होते. पण त्यांना चूक कळू शकली, कारण तपासायला देवयानीच्या पलीकडचं आकाश होतं. त्याला ते नसेल.

हे वाचल्यापासून मी लेव्हिट यांच्या काचांकडे वेगळ्या नजरेनं पाहतो. विश्वाची कहाणी विश्वातूनच वाचता येते असा एक कालखंड आहे, आणि आपण त्यात आहोत. आज जेम्स वेब दुर्बिणीतून अशा दीर्घिका दिसतात ज्यांचा प्रकाश महास्फोटानंतर ३० कोटी वर्षांच्या आत निघाला होता आणि वाटेत सुमारे १५ पट ताणला गेला. हे वाचन पुढच्या कुठल्या तरी पिढीवर ढकलता येतं, पण अनंत काळ नाही.

आता ती सुरुवातीची बातमी. वरचं सगळं भाकीत ‘डार्क एनर्जी आहे तशीच राहिली’ या एका वाक्यावर उभं आहे, आणि डेसीच्या आकड्यांनी नेमकं त्याच वाक्यावर बोट ठेवलंय. शोध लागला म्हणायला जेवढी खात्री लागते तेवढी अजून झालेली नाही. ‘विश्व आक्रसणार’ हे मथळे तर त्या आकड्यांच्या फार पुढे धावलेत. पण ही ऊर्जा खरोखर ओसरत असेल, तर आवाक्याच्या त्या रेषेची जागा बदलेल, आवाक्याबाहेर गेलेल्या दीर्घिकांचा हिशेब बदलेल आणि त्या दूरच्या खगोलशास्त्रज्ञाचं आकाश कदाचित इतकं रिकामं नसेल. २०२३ मध्ये अवकाशात गेलेली युक्लिड दुर्बीण आणि २०२५ मध्ये पहिली छायाचित्रं देणारी चिलीतली व्हेरा रुबिन वेधशाळा याच प्रश्नामागे आहेत. किट पीकवर निरभ्र रात्री ५००० बारीक प्रकाशतंतू एकेका दीर्घिकेवर रोखले जातात, काही मिनिटं तिचा प्रकाश पितात आणि पुढच्या ५००० दीर्घिकांकडे वळतात.